वरची केस, खालची केस

केडगाव म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "नगरचं की दौंडचं?" नगर शहराला चिकटून एक केडगाव आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना यवत, खुतबाव मागे टाकल्यावर लागतं ते आमचं. दोन्ही नावांत काना-मात्रेचाही फरक नाही, त्यामुळे आम्ही पुढे तालुका जोडतो आणि विषय संपतो. नगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी हा प्रश्न अजून जुन्याच नावाने विचारला जातो.

दिवाळी होऊन गेली होती. शिवारात गुऱ्हाळांचा धूर दिसायला लागला होता. माझा थोरला भाऊ दोन दिवसांसाठी राहायला आला होता. दादाने पुण्यात एका छापखान्यात पंचवीस वर्षं खिळे जुळवले. माझी लेक हडपसरला सॉफ्टवेअरच्या कामावर आहे, रोज गाडीने जाते-येते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. सांगायचं कारण असं की त्या रात्री ओसरीवर आम्ही तिघं ज्यावरून भांडलो, त्यात तिघांचेही धंदे मध्ये आले.

लेकीने शेजारच्या गुऱ्हाळवाल्यांना एक वेबसाइट करून दिली होती. तिच्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. साइट सर्व्हरवर चढवली आणि गुळाच्या ढेपेच्या फोटोच्या जागी नुसता रिकामा चौकोन आला.

दादा : फोटो पाठवायचा राहिला असेल.

लेक : नाही मामा, फोटो तिथंच आहे. त्याचं नाव लिहिताना माझी चूक झाली. फाइलच्या नावात पहिला जी कॅपिटल आहे आणि मी कोडमध्ये स्मॉल लिहिला. माझा लॅपटॉप विंडोजवर चालतो, तो दोन्ही नावं एकच समजतो. सर्व्हर लिनक्सवर आहे, त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. केस-सेन्सिटिव्ह म्हणतात याला.

दादा : केस? अगं, हा शब्द आमचा आहे.

मग दादा सावरून बसला. केस म्हणजे खिळ्यांची लाकडी, खणाखणांची पेटी. इंग्रजी जुळाऱ्यापुढे अशा दोन पेट्या उतरत्या घोडीवर मांडलेल्या असत. मोठी अक्षरं वरच्या पेटीत, कारण ती कमी लागतात, आणि छोटी खालच्या पेटीत, हाताजवळ. अप्पर केस आणि लोअर केस ही नावं तिथून आली. त्या पेट्या केव्हाच भंगारात गेल्या, नाव तेवढं कॉम्प्युटरमध्ये शिल्लक राहिलं.

दादा : आणि देवनागरीला दोन पेट्या पुरत नसत. चार लागायच्या. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, वेलांट्या, सगळ्यांचे खण वेगळे. पण एवढ्या खणांत मोठा क आणि छोटा क असा प्रकार कुठे नव्हता. क म्हणजे क. रामाचा असो की रावणाचा. वाक्याच्या सुरुवातीला आला म्हणून क काही फुगून बसत नाही.

लेक : पण मोठ्या अक्षराने काही सांगता येतं ना. तुमच्याकडे ती सोयच नव्हती, म्हणून तुम्हाला तिची गरज वाटत नाही.

दादा : गरज पडते तेव्हा काय करतात, ते याच गावात झालेलं आहे.

त्याचा रोख मुक्ती मिशनकडे होता. १८९६-९७ च्या दुष्काळात उपासमारीने घरदार सुटलेल्या बायका-मुलींना पंडिता रमाबाईंनी केडगावात आणून वसवलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथं छापखाना होता आणि त्या बायका-मुलीच तो चालवत, हे कमी जणांना माहीत असतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ मध्ये. संस्कृतच्या पंडिता म्हणून कलकत्त्यात गौरवलेल्या बाईने आयुष्याच्या शेवटी गावातल्या बाईला कळेल अशा मराठीचा हट्ट धरला, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे. असो, दादाचा मुद्दा वेगळा होता.

दादा : इंग्रजी बायबल उघडून बघ. जुन्या करारात 'लॉर्ड' हा शब्द दोन तऱ्हांनी छापलेला असतो. चारही अक्षरं मोठी असली की समजायचं, मूळ हिब्रूत देवाचं ते चार अक्षरी, उच्चारायचं नसलेलं नाव आहे. फक्त पहिलं मोठं असलं तर मुळात 'स्वामी' या अर्थाचा साधा शब्द आहे. मोठ्याने वाचलं तर दोन्ही सारखेच ऐकू येतात.

लेक : मग झालंच की! मोठ्या अक्षराने केवढा अर्थ वाहून नेला बघा.

दादा : पुढचं ऐक. मूळ हिब्रूत मोठी-छोटी अक्षरं नाहीतच. तिथं दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीने दोघांना एकच शब्द दिला आणि मग फरक दाखवायला खिळे बदलले. मराठीत ती पळवाट नाही. मराठी भाषांतर करणाऱ्याला दोन वस्तूंना दोन शब्दच शोधावे लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे. वस्तू वेगळी असेल तर नाव वेगळं ठेवा. एकच नाव ठेवून त्याला टोपी घालू नका.

मला वाटलं होतं लेक इथं गप्प बसेल. ती बसली नाही.

लेक : आमच्याकडे टोपीचं काम वेगळं असतं. समजा, 'ढेप' नावाचा एक साचा आहे : ढेपेला वजन असतं, भाव असतो, तारीख असते. आणि आज सकाळी पडलेली, दहा किलोची ही एक ढेप. साच्याचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू करायचं, या एका ढेपेचं स्मॉल अक्षराने. वाचणाऱ्याला नाव बघताच कळतं, साचा कोणता आणि माल कोणता.

दादा : गुऱ्हाळावर साच्याला 'मोठी ढेप' म्हणालीस तर गुळवे हसतील. साच्याला साचा म्हणावं.

लेक : हजार ठिकाणी 'साचा, साचा' लिहायचं? म्हणून तर संकेत ठरवलेत. जावात साचे कॅपिटलने सुरू होतात आणि न बदलणाऱ्या किमती सगळ्याच्या सगळ्या कॅपिटलमध्ये. पायथनचा नियमांचा कागदच आहे, २००१ पासून. त्यात फंक्शनची नावं स्मॉल अक्षरात आणि दोन शब्दांच्या मध्ये खाली आडवी रेघ. नावात मोकळी जागा चालत नाही ना, मग शब्द जोडायचे कसे? मध्येच कॅपिटल घालून उंटासारखं वशिंड काढलं तर ती उंटाची पद्धत, खालच्या रेघेने जमिनीलगत सरपटत गेलं तर सापाची, आणि मधल्या रेघेत शब्द ओवले तर शिगेवरच्या कबाबाची.

दादा : धंदा करता की हॉटेल चालवता?

पण संकेतांचा मुद्दा दादाला पटला असावा, कारण उदाहरणं तोच द्यायला लागला. नावाच्या शेवटी 'कर' दिसला की माणसाचं गाव कळतं. दारातल्या गाडीवर एमएच ४२ आहे, म्हणजे बारामती कार्यालयाची नोंद, आमचा दौंड तालुका त्यात येतो. पॅन कार्डावरचं चौथं अक्षर पी असेल तर माणूस, सी असेल तर कंपनी, एच असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब, आणि पाचवं अक्षर माणसाच्या आडनावाचं. नाव ठेवतानाच त्यात जात-कुळी भरून ठेवायची, ही खोड काही प्रोग्रामरांनी शोधून काढलेली नाही. मी मनात म्हटलं, आपल्याकडे तर नावात भरलेली जात-कुळी निघता निघत नाही. पण त्या वाटेने गेले असते तर रात्र पुरली नसती.

दादा : संकेत असावेत, माझी ना नाही. पण संकेत मोडला तर यंत्राने फोटोच दाखवू नये, हे कुठलं? माणूस चुकला तर माणसं समजून घेतात. तार यायची तेव्हा सगळी मोठ्याच अक्षरांत यायची. कुणाला काही कमी पडलं?

लेक : कॉम्प्युटरही आधी तारेसारखेच होते. फोरट्रान १९५७ ची, कार्डांना भोकं पाडून लिहायची. तिथं छोटी अक्षरं नव्हतीच, त्यामुळे हा प्रश्नही नव्हता. अक्षरांना आकडे देणारा जो तक्ता सगळ्यांनी स्वीकारला, त्या आस्कीच्या १९६३ च्या पहिल्या आवृत्तीतही छोटी अक्षरं नव्हती, ती १९६७ मध्ये आली. मोठा ए ६५ आणि छोटा ए ९७. प्रत्येक जोडीत बरोबर ३२ चा फरक. यंत्राला अक्षर दिसत नाही मामा, आकडा दिसतो. ६५ आणि ९७ हे एकच समजा, असं त्याला मुद्दाम शिकवावं लागतं.

दादा : मग शिकवा! पगार कशाचा घेता?

लेक : काहींनी शिकवलं. पास्कल, अ‍ॅडा, बेसिक या भाषा मोठं-छोटं सारखंच मानतात. सी आणि युनिक्सवाल्यांनी नाही मानलं, आणि पुढे जगभर त्यांचाच वंश वाढला. पण शिकवायचं ठरवलं तरी कोणाच्या नियमाने? आपण म्हणतो, छोट्या आयवर टिंब असतं आणि मोठ्यावर नसतं. तुर्की भाषेत टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, आणि दोघांचीही मोठी-छोटी रूपं आहेत. आपल्या नियमाने चालणारा प्रोग्रॅम इस्तंबूलच्या कॉम्प्युटरवर गेला की आयवर अडखळतो. जर्मनांचं एक अक्षर असं होतं की त्याला मोठं रूपच नव्हतं, ते अधिकृतपणे मिळालं २०१७ मध्ये. सारखं मानायचं म्हटलं की प्रत्येक देशाचं व्याकरण यंत्रात कोंबावं लागतं. त्यापेक्षा जसं लिहिलं तसं घेणं साधं आणि प्रामाणिक.

इथं दादा थोडा थांबला. मी इतका वेळ कणसं सोलत बसले होते. मला राहवलं नाही.

मी : दादा, तू आज सहिष्णुतेच्या बाजूने बोलतोयस, याची मला गंमत वाटते. प्रुफात 'दिन'चा 'दीन' झाला म्हणून आख्खा फर्मा थांबवणारा तूच ना?

दादा : थांबवणारच. 'शिक्षक दिन' म्हणजे शिक्षकांचा दिवस. 'शिक्षक दीन' म्हणजे...

मी : म्हणजे मी. कळलं. पण मग ही तुझी वरची केस-खालची केसच झाली की. वेलांटी पहिली की दुसरी, उकार पहिला की दुसरा. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. पाणी प्यायचं, पाणि म्हणजे हात.

दादा : ते कानाला कळतं.

मी : कुणाच्या? तीस वर्षं मी वर्गात शुद्धलेखन घातलं. माझ्या कानाला कळायचं ते पोरांच्या कानाला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते कानाने नाही, पाठांतराने कळायचं. 'कवि'चा शेवट दीर्घ करून 'कवी' लिहायचं, पण 'कविराज' लिहिताना पुन्हा ह्रस्व. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये नियम ठरवले, १९७२ मध्ये आणखी चार घातले, मिळून अठरा झाले. माणसाने ठरवलेलेच संकेत ते. त्याआधी शेकडो वर्षं मोडीत वसुली झाली, खलिते गेले, गावोगावच्या कुलकर्ण्यांनी दप्तरं लिहिली. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. तरी राज्य चाललं.

दादा : चाललं, कारण वाचणारा माणूस होता. मोडी कागद वाचायचा म्हणजे मागचा-पुढचा संदर्भ लावून वाचायचा. गाव कोणतं, साल कोणतं, कशाचा कागद, हे ठाऊक असेल तर सुत की सूत ते कळतं. यंत्राला संदर्भ कुठून...

तो बोलता बोलता थांबला.

लेक : पुढे बोला ना मामा.

दादा : गप्प बस.

लेक हसली, पण तिलाही मी सोडणार नव्हते. जी मुलगी स्मॉल जी आणि कॅपिटल जीच्या फरकावर व्याख्यान देते, तिचे मला येणारे मेसेज बघा : 'मि येते', 'पूढच्या गाडिने'. यंत्राशी बोलताना एका अक्षराची चूक होऊ देत नाही आणि आईशी बोलताना अठराच्या अठरा नियम खुंटीला. तिचं उत्तर सरळ होतं : यंत्र अडून बसतं, आई समजून घेते.

म्हणजे दोघंही जिथं पोट भरतात तिथं काटेकोर आणि बाकी ठिकाणी उदार. मला यात दोघांचाही दोष दिसत नाही. मात्र लेकीने त्यानंतर जे कबूल केलं, ते तिने आधीच सांगायला हवं होतं असं मला वाटतं. तिच्या ऑफिसात एकमेकांचं कोड तपासतात. एकाच जागी फक्त कॅपिटल-स्मॉलच्या फरकाची दोन नावं कुणी ठेवली, तर भाषेला चालत असूनही ते परत पाठवलं जातं. साचा आणि माल यांची जोडी चालते, कारण तिला संकेताचा आधार आहे. बाकी फरक शब्दातच दाखवावा लागतो. म्हणजे यंत्र आकडे वाचतं आणि माणसं कानाने आठवतात, हे तिच्या लोकांनाही माहीत आहे. फाइलींच्या बाबतीत तर त्यांनी वादच ठेवलेला नाही : सगळी नावं स्मॉल अक्षरांत. गुळाचा फोटोही तिने असाच दुरुस्त केला. माझं मत विचाराल तर नाव जसं लिहिलं तसं यंत्राने जपावं, पण दोन नावांतला फरक फोनवर सांगता येत नसेल तर त्यातलं एक नाव चुकीचं आहे.

दादा : आता देवनागरीची कौतुकं मला सांगायला हरकत नाही ना? तिच्यात ही भानगडच नाही.

लेक : भानगड आहे. थांबा, दाखवते.

तिने 'गुऱ्हाळ' हा शब्द दोनदा टाइप केला. दोन्ही हुबेहूब सारखे दिसत होते. यंत्राला विचारलं, दोन्ही एकच का? यंत्र म्हणालं, नाही. आपला तो आडव्या मिशीचा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ज्या र खाली टिंब आहे तो वेगळा र घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र घेऊन पाय मोडायचा आणि पुढे एक जोडणारं अदृश्य चिन्ह ठेवायचं. पडद्यावर मिशी तीच. पण एका रीतीने लिहिलेलं गुऱ्हाळ दुसऱ्या रीतीने शोधलं तर सापडत नाही. तसंच 'अ‍ॅप'चं. अ वर चंद्र असलेलं अख्खं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ आणि चंद्र वेगवेगळे जोडत, अजूनही कित्येक जण जोडतात. मोठी-छोटी अक्षरं निदान डोळ्यांना वेगळी दिसतात. हे तर डोळ्यांनाही दिसत नाही.

दादाने चष्मा काढून दोन्ही गुऱ्हाळं जवळून पाहिली. खिळ्यात असं झालं नसतं, म्हणाला. खिळा बोटाला लागतो.

दादा : पण मराठी नाव देता येतं का तरी तुमच्या या भाषांत?

लेक : पायथनमध्ये येतं, २००८ पासून. 'केडगाव' नाव ठेवून त्यात आकडा साठवता येतो. जावातही येतं. मी कामाला जी वापरते ती भाषा गो. ती २००९ मध्ये आली, करणाऱ्यांत युनिक्सचे केन थॉम्प्सनच आहेत. तिच्यात कॅपिटल हा नुसता संकेत नाही, कायदा आहे. नाव कॅपिटलने सुरू झालं तर ते दुसऱ्या पॅकेजला वापरता येतं. नाही झालं तर ते घरातल्या घरात.

दादा : आणि ज्या लिपीत कॅपिटलच नाही?

लेक : तिचं नाव उंबऱ्याबाहेर जात नाही. पुढे एखादं इंग्रजी कॅपिटल अक्षर चिकटवावं लागतं. हे समाधानकारक नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

दादा : म्हणजे टोपी घातल्याशिवाय दारही उघडत नाही.

लेक : आणखी आहे. गो नावात फक्त अक्षरं, आकडे आणि खालची रेघ घेते. युनिकोडच्या हिशेबात आपला क अक्षर आहे, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. ती चालत नाहीत. देवनागरी यामुळे बाहेर राहते, हेही त्यांनी नाव घेऊन सांगितलंय.

मला वाटलं आता दादा भडकणार. तो म्हणाला, "आमच्याकडेही मात्रेचा खण वेगळाच होता." मग थोड्या वेळाने, "पण तो खण होता."

मग त्याने तिला लॅपटॉप पुढे ओढायला लावला आणि पुण्याहून निघून एकेक स्टेशन टाकायला सांगितलं. पुणे : नाही. हडपसर चाललं. मांजरी नाही, लोणी नाही, उरुळी नाही. यवत चाललं. खुतबाव नाही. केडगाव टाकलं तर पहिल्याच अक्षरावरच्या मात्रेवर बोट ठेवून यंत्राने नकार दिला. कडेठाण, पाटस, दौंड, कुणालाच घेतलं नाही. दादाने शेवटी नगर टाकायला लावलं. ते चाललं.